एम-वनचं कॅल्क्युलस जमत नाहीय? मग अभ्यास असा करून बघा

हे मी मुख्यतः आपल्या भागातल्या पोरापोरींसाठी लिहितोय, म्हणजे खानापूर, नंदगड, उचगाव, कडोली, येळ्ळूर, निपाणी असल्या गावातनं एसएसएलसी (दहावी) मराठी मीडियमला झालेली, पीयूसीला (अकरावी-बारावीला) सायन्स घेतल्यावर एकदम इंग्लिशमध्ये पडलेली आणि आता बेळगावात इंजिनिअरिंगच्या फर्स्ट सेमला एम-वन, म्हणजे मॅथ्सचा पहिला पेपर, समोर घेऊन बसलेली जी आहेत त्यांच्यासाठी. बीएस्सीवाल्यांनाही चालेल, कॅल्क्युलस काय व्हीटीयू ह्या इंजिनिअरिंगच्या युनिव्हर्सिटीचं वेगळं आणि राणी चन्नम्मा युनिव्हर्सिटीचं वेगळं असं नसतंय.

पहिली गोष्ट डोक्यात पक्की करा. कॅल्क्युलस म्हणून जे नवीन शिकायचं असतंय ते फार नसतंय. डेरिव्हेटिव्हचे पाच-सहा नियम, इंटिग्रेशनच्या चार-पाच पद्धती, त्यावर थोडं पार्शल डिफरन्सिएशन आणि डिफरन्शियल इक्वेशन, झालं. मुलं अडकतात ती ह्याच्यात नाही. एक तर मागचं अल्जेब्रा आणि ट्रिगनॉमेट्री कच्चं असतंय, आणि दुसरं म्हणजे वाक्यात दिलेला प्रश्न समीकरणात कसा उतरवायचा ते कुणी कधी बसून शिकवलेलं नसतंय. अभ्यासाचा वेळ ह्या दोन ठिकाणी घाला, फॉर्म्युल्याची पानं परत परत वाचण्यात नको.

सुरुवात मागच्यापासून करा. कॉलेजला आल्यावर नववी-दहावीचं काढून बसायला कसंतरी वाटतंय ते कळतंय मला, खरं हा पहिला आठवडा सगळ्यात जास्त फायद्याचा ठरतोय. अर्ध्या तासात स्वतःची परीक्षा घ्या, कोरा कागद घ्या आणि बघा की अपूर्णांकांची बेरीज अक्षरं घालून येतीय का, निगेटिव्ह आणि फ्रॅक्शनल पॉवर हलवता येतात का, लॉगचे तीन नियम न बघता लिहिता येतात का, साइन टू-ए आणि कॉस टू-ए आठवतंय का, फॅक्टर पाडता येतात का. जिथं हात थांबला तेवढंच दुरुस्त करायचं. रूट (ए² + बी²) म्हणजे ए + बी नव्हे, १/(ए + बी) म्हणजे १/ए + १/बी नव्हे, एलएन(ए + बी) म्हणजे एलएन ए + एलएन बी नव्हे (एलएन म्हणजे ई पायाचा लॉग), हे सगळ्यांना माहीत असतंय आणि तरी पेपरात घाईत हेच लिहून येतात. संशय आला की आकडे घालून बघायची सवय लावा, ए जागी २ आणि बी जागी ३ घातलं की एका बाजूला १/५ आणि दुसऱ्या बाजूला ५/६ येतंय, दहा सेकंदात निकाल लागतोय, कुणाला विचारायला नको.

इथंच एक सांगून ठेवतो. कॅल्क्युलेटर रेडियन मोडला ठेवा. साइनचं डेरिव्हेटिव्ह कॉस येतंय ते कोन रेडियनमध्ये असला तरच. साइन ०.०१ भागिले ०.०१ करून बघा, रेडियनमध्ये जवळजवळ १ येतंय, डिग्रीत ०.०१७४५ येतंय. ज्यांचं सगळं बरोबर असून उत्तर जुळत नाही त्यांनी आधी मोड बघायचा.

फॉर्म्युले पाठ करायचे का? हो, करायचे. समजून घेतलं की पाठ करायची गरज नाही असं म्हणणारे भेटतात, मला ते पटत नाही, कारण चेन रूल लावताना टॅनचं डेरिव्हेटिव्ह आठवायला थांबला की डोकं मूळ प्रश्नावरनं उडतंय. साधारण पंचवीसभर फॉर्म्युले हातात पाहिजेत, विचार न करता यायला पाहिजेत. खानापूरहनं किंवा निपाणीहनं बसनं येणाऱ्यांना तर ह्याला आयता वेळ आहे, जुन्या वहीच्या पुठ्ठ्याची छोटी कार्डं कापा, एका बाजूला फंक्शन दुसऱ्या बाजूला डेरिव्हेटिव्ह, आणि पिसून घ्या, क्रमानं पाठ केलं तर क्रमानंच आठवतंय. जे चुकलं ते कार्ड वरती ठेवायचं, जे तीनदा बरोबर आलं ते खाली. बसमध्ये गणित सोडवायला जाऊ नका, तिथं फक्त कार्डं.

आता मुख्य गोष्टीकडं येतो, ती म्हणजे हातानं सोडवणं. मोबाइलवर लेक्चर बघताना सगळं कळल्यासारखं वाटतंय, सर बोर्डवर एक एक ओळ लिहितात, आपण मान हलवतोय, आणि तोच प्रश्न रात्री कोऱ्या कागदावर घेतला की दुसऱ्या ओळीला थांबतोय. ह्यात हुशारी कमी वगैरे काही नसतंय. दुसऱ्यानं केलेलं ओळखणं आणि स्वतः आठवून करणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि परीक्षेत दुसरंच लागतंय. म्हणून सोडवलेलं उदाहरण असं वापरा की आधी फक्त प्रश्न बघायचा, उत्तर वहीनं झाकायचं, स्वतः सुरू करायचं. अडलं की एकच ओळ उघडायची, परत झाकायचं आणि पुढं जायचं. पूर्ण झालं की बाजूला ठेवा. दुसऱ्या दिवशी तेच उदाहरण काहीही न बघता परत. आलं तर आठवड्यानं एकदा, नाही आलं तर उद्या परत. कंटाळवाणं आहे मान्य आहे, खरं दहा उदाहरणं अशी केलेली शंभर वाचलेल्यापेक्षा जास्त टिकतात असं मी इतक्या जणांचं बघितलंय की ह्यावर मी वाद घालत नाही.

एनपीटीईएल ह्या ऑनलाइन कोर्सच्या साइटवर आयआयटीच्या सरांची लेक्चरं फुकट आहेत, चांगली आहेत, बघा जरूर, खरं दर दहा मिनिटाला व्हिडिओ थांबवून पुढची ओळ आधी आपण लिहायची आणि मग प्ले करायचं. आणि फोटो काढला की उत्तर देणारी जी अ‍ॅप आहेत ती उत्तर पडताळायला वापरा, सुरुवात करायला वापरू नका. सुरुवात कशी करायची हेच तर शिकायचंय, तेच दुसऱ्यानं करून दिलं तर आपल्याकडं काय राहिलं?

आता अप्लाइड भागाचं, इथं जरा थांबू, कारण सगळ्यात जास्त मार्क आणि सगळ्यात जास्त भीती इथं आहे. मराठी मीडियमच्या पोरांना लांब इंग्लिश वाक्य बघितलं की आधीच वाटतंय हे आपलं नव्हे. उपाय एवढाच की प्रश्न वाचल्यावर पेन उचलायचं नाही, आधी मनात मराठीत सांगायचं की काय बदलायला लागलंय, कशाप्रमाणे बदलायला लागलंय, काय तसंच राहतंय आणि शेवटी मागितलंय काय. ह्या चारांची उत्तरं एकेका ओळीत मार्जिनला मराठीत लिहा, काही बिघडत नाही, पेपरात रफ भागात लिहा. त्यानंतर चिन्हं.

न्यूटनच्या कूलिंगचंच घेऊ, ते बऱ्याच ब्रँचच्या मॉड्यूलमध्ये, म्हणजे सिलॅबसच्या भागात, असतंय. समजा चहा गाळला तेव्हा ९० डिग्री होता, खोलीचं तापमान २५ डिग्री, पाच मिनिटांनी चहा ७० डिग्री झाला, तर ५० डिग्री व्हायला गाळल्यापासून किती वेळ लागेल? मराठीत सांगायचं: चहाचं तापमान बदलालंय, वेळेप्रमाणे बदलालंय, खोलीचं २५ तसंच राहतंय, वेळ मागितलीय. आता नियम काय म्हणतोय? थंड होण्याचा वेग हा चहा आणि खोली ह्यांच्यातल्या फरकाच्या प्रमाणात असतोय. वेग म्हणजे डेरिव्हेटिव्ह, प्रमाणात म्हटलं की के हा स्थिर आकडा आला, थंड होतोय म्हणून वजा. तापमानाला थीटा म्हणा, वेळेला टी. मग ओळ येते:

डी थीटा / डीटी = −के (थीटा − २५)

इथपर्यंत आला की अर्धी लढाई जिंकली, पुढं फक्त व्हेरिएबल वेगळे करायचे, दोन्हीकडं इंटिग्रेट करायचं. एलएन(थीटा − २५) = −के टी + सी. सी विसरू नका, ह्या प्रकारात सी गेला की सगळं गेलं. टी शून्य असताना थीटा ९०, म्हणून सी = एलएन ६५, आणि मग थीटा − २५ = ६५ × ई^(−के टी). पाच मिनिटाची माहिती घाला: ४५ = ६५ × ई^(−५के), म्हणजे के = एलएन(६५/४५) ÷ ५, साधारण ०.०७३५. आता थीटा ५० घाला: २५ = ६५ × ई^(−के टी), टी = एलएन(६५/२५) ÷ ०.०७३५, म्हणजे १३ मिनिटं.

आणि आता जे बहुतेक जण करत नाहीत ते करा, उत्तराला विचारा की तू खरं वाटतोयस का. पहिल्या पाच मिनिटात २० डिग्री उतरलं. त्याच वेगानं उतरत राहिलं असतं तर ९० चे ५० व्हायला, म्हणजे ४० डिग्रीला, १० मिनिटं लागली असती. खरं फरक कमी होईल तसा वेगही कमी होतोय, म्हणजे उत्तर १० पेक्षा जास्तच यायला पाहिजे. १३ आलं, बरोबर वाटतंय. ८ आलं असतं तर पान उलटायच्या आधीच कळलं असतं की कुठंतरी चुकलंय. घरात थर्मामीटर असला तर खरोखर करून बघा, उकळतं पाणी स्टीलच्या पेल्यात घ्या आणि दर दोन मिनिटांनी मांडत जा, तो वक्र एकदा आपल्या हातानं काढला की हे समीकरण आयुष्यभर विसरत नाही.

आणि एक, मेकॅनिकलवाल्यांनी बेळगावच्या उद्यमबाग इंडस्ट्रियल एरियात फाउंड्री बघितलेली असती, तिथं नुकतं ओतलेलं लालभडक कास्टिंग ह्याच नियमानं थंड होतंय असं समजू नका. इतक्या तापमानाला उष्णता मुख्यतः प्रारणानं (रेडिएशननं) जाते, ती केल्विनमधल्या तापमानाच्या चौथ्या घाताशी जोडलेली असती, त्यामुळं साध्या फरकाचा नियम तिथं नीट बसत नाही. अप्लाइड म्हणजे हेच, कुठलं समीकरण कुठं चालतंय ते सुद्धा विषयाचाच भाग आहे.

दुसरं एक छोटं घेऊ, मॅक्झिमा-मिनिमाचं. ६० सेंमीचा चौकोनी पत्रा आहे, चारी कोपऱ्यातनं सारखे चौकोन कापून कडा वर दुमडून उघडा डबा करायचाय, जास्तीत जास्त मावेल असा. कापायचा तुकडा एक्स. आधी चित्र काढा, चित्र न काढता हे करायला जाऊच नका. तळ दोन्हीकडनं एक्स-एक्स कमी झाला म्हणून ६० − २एक्स, उंची एक्स, म्हणजे व्हॉल्यूम = एक्स (६० − २एक्स)². डेरिव्हेटिव्ह काढलं की (६० − २एक्स)(६० − ६एक्स) येतंय, शून्य धरलं तर एक्स ३० किंवा १०. ३० घेतलं तर तळच राहत नाही, सगळा पत्रा कापून गेला. म्हणून १०, आणि व्हॉल्यूम १० × ४० × ४० = १६,००० घन सेंमी, म्हणजे १६ लिटर, आपल्या तेलाच्या डब्याएवढा. सेकंड डेरिव्हेटिव्ह १० ला −२४० येतंय, निगेटिव्ह, म्हणजे मॅक्झिमम. ही शेवटची ओळ लिहायची राहिली तर त्याचे मार्क जातात, लिहा.

ह्यात बघण्यासारखं काय आहे, तर डेरिव्हेटिव्ह काढायला दोन ओळी लागल्या, बाकी सगळं चित्र, वाक्य आणि कुठला एक्स टाकून द्यायचा हा विचार. म्हणून प्रॅक्टिस करताना कधीकधी असं करा की दहा शाब्दिक उदाहरणं घ्यायची आणि फक्त समीकरणापर्यंत आणून सोडून द्यायची, पुढं सोडवायचीच नाहीत. तासाभरात दहा मांडण्या होतात, आणि नेमकं जे दुखतंय त्याचाच व्यायाम होतोय.

रिलेटेड रेटमध्ये, म्हणजे एकमेकांवर अवलंबून असलेल्या वेगांच्या गणितात, एकच मोठी चूक होती ती सांगतो. शंकूच्या आकाराच्या टाकीत पाणी भरालंय, उंची २ मीटर असताना पातळी किती वेगानं चढतीय असं विचारलं की मुलं लगेच उंचीच्या जागी २ घालतात आणि मग डिफरन्शिएट करायला जातात. २ घातलं की ती स्थिर संख्या झाली, तिचं डेरिव्हेटिव्ह शून्य, मग उरलं काय. आधी डिफरन्शिएट, नंतर आकडे. टाकी वर २ मीटर त्रिज्या आणि ४ मीटर उंच असली तर त्रिज्या कायम उंचीच्या निम्मी राहती, हे आधी घालून त्रिज्या घालवून टाका, व्हॉल्यूम = पाय × उंची³ ÷ १२ येतंय, मग वेळेप्रमाणे डिफरन्शिएट करा आणि सगळ्यात शेवटी २ घाला. मिनिटाला एक घनमीटर पाणी येत असलं तर उत्तर १/पाय, म्हणजे मिनिटाला साधारण ०.३२ मीटर.

युनिट प्रत्येक ओळीत मनात धरा. वरच्याचं युनिट भागिले खालच्याचं युनिट हे डेरिव्हेटिव्हचं युनिट, मीटर प्रति मिनिट, डिग्री प्रति मिनिट, रुपये प्रति किलो, काय असेल ते. दोन्ही बाजूंची युनिट जुळत नसली तर पुढं जाऊ नका.

पार्शल डेरिव्हेटिव्ह बऱ्याच जणांना हवेत वाटतात. येळ्ळूरजवळच्या राजहंसगड किल्ल्यावर कधीतरी गेला असालच, चढावर एका जागी उभं राहिलं तर सरळ पूर्वेकडं टाकलेल्या पावलाचा चढ वेगळा आणि उत्तरेकडं टाकलेल्याचा वेगळा, जागा तीच. एक्सप्रमाणे पार्शल म्हणजे वाय धरून ठेवून एकाच दिशेनं मोजलेला चढ, एवढंच. माथ्यावर दोन्ही शून्य. आणि खिंडीत पण दोन्ही शून्य असतात, म्हणून नुसतं शून्य धरून मॅक्झिमम म्हणून चालत नाही, पुढची ती आरटी वजा एसस्क्वेअरची तपासणी (आर, एस, टी म्हणजे सेकंड पार्शल डेरिव्हेटिव्ह) लागतीच. मोबाइलवर जिओजेब्रा फुकट मिळतंय, थ्रीडीमध्ये सरफेस काढून फिरवून बघा. जेकोबियन, पोलर कर्व्ह, पेडल इक्वेशन, ह्यांचा प्रकार ठराविक असतोय, चार-पाच चार-पाच हातानं केले की बसतात, त्यावर जास्त लिहीत नाही.

डिफरन्शियल इक्वेशनमध्ये गंमत अशी की लिनिअर धड्याखाली सगळी लिनिअरच असतात, बर्नुलीखाली बर्नुलीच, आणि एक्झॅक्टखाली एक्झॅक्ट. त्यामुळं कुठली पद्धत लावायची हा विचारच करावा लागत नाही आणि पेपरात नेमकं तेच करावं लागतंय. म्हणून एकदा एकेक पद्धत कळली की सगळी मिसळून टाका, वेगवेगळ्या धड्यातले प्रश्न चिठ्ठ्यांवर लिहा, एका डब्यात घाला, काढा, आणि फक्त सांगा की ही कुठली पद्धत आणि कशावरनं ओळखलं. सुरुवातीला चुकतंय भरपूर, चुकूदे, दोन आठवड्यात नजर बसते. इंटिग्रेशनलाही हेच.

एक चुकांची वही ठेवा, वेगळी, पातळ. त्यात प्रश्न, आपण काय लिहिलं आणि खरं काय पाहिजे होतं, एवढंच, आणि शेजारी कारण लिहायचं, पण ‘सिली मिस्टेक’ असं लिहायचं नाही, त्यानं काही कळत नाही. ‘मायनस कंसात आत नेताना दुसऱ्या पदाला लावला नाही’ असं लिहा. महिन्याभरात दिसतंय की आपण त्याच तीन-चार चुका फिरून फिरून करतोय, आणि मग परीक्षेत त्या जागी आपोआप हात थांबतोय.

ग्रुपनं बसणार असाल तर तिघं-चौघं पुरे, जास्त झाले की गप्पा होतात. प्रत्येकानं आधी एकट्यानं प्रयत्न करून यायचं, आणि मग एकानं दुसऱ्याला मराठीत समजावून सांगायचं, कन्नड मित्र असला तर मोडक्या-तोडक्या कन्नडमध्ये, चालतंय, त्याचं पण हेच दुखणं असतंय. समजावताना जिथं ‘ते असंच असतंय बघ’ म्हणायची पाळी आली तिथं आपल्याला कळलेलं नाही असं समजायचं. फक्त कागदावर उतरवताना इंग्लिशमध्ये उतरवा. सिन्स, देअरफोर, इंटिग्रेटिंग बोथ साइड्स, अ‍ॅट टी इक्वल टू झिरो, असली पंधरा-वीस वाक्यं पुन्हा पुन्हा लागतात, ती एकदा बसली की भाषेची भीती ह्या विषयापुरती तरी संपती.

सरांकडं जाताना ‘सर काहीच कळालं नाही’ म्हणून जाऊ नका, त्याला कोणतेही सर उत्तर देऊ शकत नाहीत. जिथपर्यंत आलंय तो कागद घेऊन जा आणि ह्या ओळीवरनं ह्या ओळीवर कसं आलं ते विचारा. दोन मिनिटात काम होतंय आणि सर पण खूश असतात.

परीक्षेचं थोडक्यात. व्हीटीयूच्या २०२२च्या स्कीममध्ये (अभ्यासक्रम आणि परीक्षेच्या आराखड्यात) पाच मॉड्यूल, प्रत्येकातनं दोन फुल क्वेश्चन, एक सोडवायचा, २० मार्क, तीन तास, आणि १०० चे शेवटी ५० करतात. तुमच्या बॅचला स्कीम बदललेली असेल तर सिलॅबसची कॉपी आधी नीट बघून घ्या. ३ तासात पाच म्हणजे एकाला ३६ मिनिटं, खरं घरी ३२-३३ मिनिटात संपवायची सवय करा म्हणजे तपासायला वेळ राहतोय. इंटर्नलला पण ५० पैकी २० लागतातच, त्यामुळं पहिली टेस्ट हलक्यात घेऊन शेवटी धावपळ करू नका. एखादं मॉड्यूल सोडून देऊ का असं पुष्कळ जण विचारतात, प्रत्येक मॉड्यूलमधनं एक प्रश्न करायचा असतोय, म्हणजे एक सोडलं की २० मार्क तिथंच गेले आणि उरलेल्या चारात चूक करायला जागा तेवढी कमी झाली. सोडू नका, अवघड मॉड्यूलमधले निदान सोपे सबक्वेश्चन तरी तयार करा.

जुने पेपर शेवटच्या आठवड्यासाठी राखून ठेवू नका. एक पेपर सेमच्या मध्यातच बघा, प्रश्नाची भाषा कशी असती ते कळायला. बाकीचे शेवटच्या तीन आठवड्यात, घड्याळ लावून, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून, सलग तीन तास. तपासताना स्टेपला मार्क द्या स्वतःला, उत्तर चुकलं तरी मांडणी बरोबर असली तर बरेचसे मार्क मिळतात, म्हणून पेपरात काहीही झालं तरी व्हेरिएबल कुठले घेतले आणि समीकरण काय झालं एवढं लिहिल्याशिवाय प्रश्न कोरा सोडायचा नाही. आणि चुकलेली ओळ खाडाखोड करून काळी करू नका, एक सरळ रेघ मारा आणि खाली नव्यानं लिहा.